दातवण, कीड आणि मशेरी : मराठी तोंडाचा एक इतिहास

मराठीला दातांचे वेड आहे. आपण दात-ओठ खातो, दात विचकतो, एखाद्यावर दात धरतो, कुणाचे दात त्याच्याच घशात घालतो आणि गरज पडली तर दातांच्या कण्या करतो. दात कोरून पोट भरत नाही हे आपल्याला ठाऊक आहे. दात आहेत तेव्हा चणे नसतात आणि चणे येतात तेव्हा दात गेलेले असतात, हेही ठाऊक आहे. वाक्प्रचारांच्या कोशात इतकी जागा व्यापणाऱ्या या अवयवाला आपल्या सामाजिक इतिहासलेखनात मात्र जवळपास जागा नाही. आपण अन्नाचा, वस्त्राचा, दागिन्यांचा इतिहास लिहितो. पण सकाळी उठल्यावर मराठी माणूस तोंडात काय घालत आला, कशासाठी घालत आला आणि त्याचे परिणाम काय झाले, हा प्रश्न किरकोळ समजून बाजूला ठेवतो.

तो किरकोळ नाही, असे या लेखाचे म्हणणे आहे. दातवण, कीड आणि मशेरी या तीन शब्दांच्या आधारे हा इतिहास वाचता येतो. भाषेच्या अभ्यासकाने तो वाचावा याला एक कारण आहे. यातील एका शब्दाच्या क्रियापदापाशी आजही माणसांच्या जिवाचा प्रश्न येऊन थांबतो. त्याकडे पुढे येऊ.

काडी आणि तिथी

प्राचीन ग्रंथांत दात घासणे हा दिनचर्येचा भाग आहे. सुश्रुतसंहितेत दंतधावनाची काडी बारा अंगुळे लांब आणि करंगळीएवढी जाड असावी असे सांगितले आहे. कडू झाडांत निंब, तुरटांत खैर, गोडांत मोह आणि तिखटांत करंज श्रेष्ठ, अशी प्रतवारीही तेथे आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात रुई, वड, खैर, करंज, अर्जुन यांची नावे येतात. हिरड्यांना इजा होऊ न देता घासावे ही सूचनाही त्यात आहे. आजचा दंतवैद्य मऊ ब्रश वापरा म्हणतो, तेव्हा तो हेच सांगत असतो.

परंतु काडी ही केवळ वैद्यकाची बाब नव्हती. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात आह्निकाच्या प्रकरणात दंतधावनाची दखल घेतली आहे. प्रतिपदा, अमावास्या, श्राद्धाचा दिवस अशा काही दिवशी काडी वर्ज्य आणि तिच्या जागी बारा चुळा, असे नियम धर्मशास्त्रकारांनी घालून दिले. म्हणजे दात स्वच्छ होणे आणि माणूस शुद्ध होणे या दोन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या होत्या. 'मुखशुद्धी' हा शब्द आज आपण जेवणानंतरच्या सुपारी-बडीशेपेसाठी वापरतो. त्यातही ही सरमिसळ शिल्लक आहे.

तिथी पाहून काडी निवडण्याइतकी सवड सर्वांनाच नव्हती. शेतावर जाणाऱ्याने बाभळीची वा निंबाची काडी चावली, नाहीतर चुलीतली राखुंडी बोटावर घेतली. कोकण आणि रायगडच्या भातपट्ट्यात भाताच्या तुसाची राख मुबलक असे. कोळसा, मीठ, विटेची भुकटी यांचाही उपयोग होई. या पुडींनी दात चकचकीत होत, कारण त्या दात खरवडत असत. तुसाच्या राखेत सिलिकाचे प्रमाण मोठे असते आणि सिलिका खरखरीत असते. वर्षानुवर्षे अशी पूड घासली की हिरडीलगत दातावर खाच पडते आणि गार पाण्याने शिणका येऊ लागतात. 'आमच्या आजोबांनी आयुष्यभर राखुंडी लावली, त्यांचे दात शेवटपर्यंत शाबूत होते' हे वाक्य प्रत्येक मराठी घरात ऐकू येते. आजोबांच्या ताटात साखर किती होती, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही.

काळे दात

'दातवण' म्हणजे दात घासण्याची काडी, असे आज कुणीही सांगेल. जुन्या मराठी कोशांत मात्र या शब्दाला आणखी एक अर्थ आहे : दात काळे करण्याची पूड. हिरडा, मायफळ यांसारख्या तुरट वस्तू आणि हिराकस यांपासून अशी पूड करीत. तुरट वस्तूंतील टॅनिनचा लोहाशी संयोग झाला की गडद काळा रंग तयार होतो. साहित्याच्या विद्यार्थ्याला या रसायनाचे कौतुक वाटावे. युरोपात शतकानुशतके ज्या शाईने हस्तलिखिते लिहिली गेली, तिचे रसायन हेच आहे. त्या शाईने कागदावर अक्षरे उमटली. आपल्याकडे तिच्या भावंडाने सुवासिनीचे दात रंगवले.

काळे दात हे सौंदर्याचे आणि सौभाग्याचे लक्षण होते. त्यामुळे वैधव्यात कुंकवाबरोबर दातवणही सुटे. जपानमध्येही विवाहित स्त्रिया ओहागुरो नावाच्या अशाच लोहमिश्रणाने दात काळे करीत. तेथे १८७० मध्ये सरकारने उमरावांपुरती या प्रथेवर बंदी घातली. आपल्याकडे अशा फर्मानाची गरज पडली नाही. नवे शिक्षण, नव्या जाहिराती आणि छायाचित्रे यांच्या काळात सौंदर्याचा रंगच उलटला. शुभ्र दात ही नवी प्रतिष्ठा झाली. दातवणाचा जुना अर्थ कोशात राहिला आणि काडीचा अर्थ बोलण्यात उरला. एका शब्दाच्या अर्थसंकोचामागे एवढे मोठे स्थित्यंतर लपलेले असू शकते.

किडा कुठे आहे?

दुसरा शब्द कीड. दात किडतो, दाताला कीड लागते, दाढ किडकी निघते. आयुर्वेदातही 'कृमिदंत' ही संज्ञा आहे. दातात अळी शिरते आणि ती दात पोखरते, ही समजूत बाबिलोनपासून चीनपर्यंत पसरलेली होती, त्यामुळे तिच्यासाठी केवळ मराठी माणसाला हसण्याचे कारण नाही. गावोगाव हिंडणारे वैदू जडीबुटी विकत, तुंबड्या लावत आणि दुखऱ्या दाढेवर भुईरिंगणीच्या बियांची धुरी देत. युरोपात याच कामासाठी खुरासनी ओव्याच्या बिया निखाऱ्यावर टाकीत. उष्णतेने त्या बिया फुटल्या की आतले पांढरे कोंब बाहेर पडत. तेच दातातून पडलेले किडे म्हणून रोग्याला दाखवता येत. रोगी समाधानाने घरी जाई. दाढ पुन्हा दुखू लागेपर्यंत उपचार यशस्वी ठरे.

फ्रेंच शल्यवैद्य पिएर फोशार याने १७२८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हा किडा नाकारला. पुढे १८९० मध्ये विलोबी मिलर या संशोधकाने तोंडातील सूक्ष्मजंतूंवरील ग्रंथात खरी प्रक्रिया मांडली. दातावर जमणाऱ्या थरातील जंतू साखर आणि पिष्टमय पदार्थ पचवतात, त्यातून आम्ल तयार होते आणि त्या आम्लात दाताचे कठीण कवच विरघळते. म्हणजे दात कुणी कुरतडत नाही, तो विरघळत असतो. शिवाय साखर किती खाल्ली यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्ली हे अधिक महत्त्वाचे ठरते, कारण प्रत्येक वेळी आम्लाची नवी लाट येते. दिवसातून पाच-सहा वेळा गोड चहाचे घोट घेणाऱ्याचे दात त्या लाटांखाली असतात.

'कीड' या शब्दाने हे सत्य झाकले जाते. पिकावर कीड बाहेरून येते. तिच्यात आपला दोष नसतो आणि ती आली की फवारणी करायची असते. दाताची कीड मात्र आपल्याच आहारात तयार होते. शब्द बदलावा असा आग्रह येथे नाही, रूढ शब्द असे बदलत नसतात. पण शाळेतल्या मुलाला 'दात किडतो' हे सांगताना 'म्हणजे विरघळतो' एवढे जोडले, तर त्याला रात्री झोपण्यापूर्वी ब्रश करण्याचे कारण कळते. झोपेत लाळ कमी सुटते आणि आम्ल धुवून टाकणारे दुसरे काही तोंडात नसते.

साखरेचा हा धागा महाराष्ट्रात फार दूर जातो. विठ्ठलराव विखे पाटील, वैकुंठभाई मेहता आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरा परिसरात सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५० च्या सुमारास तो सुरू झाला. ग्रामीण महाराष्ट्राचे अर्थकारण त्यातून बदलले. कारखान्यांभोवती शिक्षणसंस्था आल्या. त्याच प्रवरा परिसरात लोणी येथे पुढे ग्रामीण दंत महाविद्यालयही निघाले. साखर आणि दंतवैद्य एकाच पंचक्रोशीत पिकावेत, हा महाराष्ट्राच्या विकासाचा एक बोलका तपशील आहे.

मंजन : औषध की प्रसाधन?

विसाव्या शतकात राखुंडीची जागा डबीने घेतली. मुंबईच्या नोगी कंपनीचे माकडछाप काळे दंतमंजन कित्येक घरांच्या मोरीत असे. कोलगेट-पामोलिव्ह कंपनीची भारतीय शाखा १९३७ मध्ये मुंबईत स्थापन झाली. केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२ मध्ये विको सुरू केली. वज्रदंतीच्या रूपाने काडी-पाल्याचे जुने ज्ञान नव्या वेष्टनात आले.

यानंतर एक प्रश्न न्यायालयात गेला, आणि तो मूलतः भाषेचा होता. मंजन हे औषध की प्रसाधन? उत्पादनशुल्क त्यावर अवलंबून होते. बैद्यनाथच्या लाल दंतमंजनाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९० च्या दशकात लोकव्यवहाराची कसोटी लावली. शास्त्रग्रंथ काय म्हणतात यापेक्षा सामान्य माणूस त्या वस्तूला काय समजतो हे पाहायचे. सामान्य माणूस मंजन हे औषध म्हणून घेत नाही, ते रोजच्या स्वच्छतेचे साधन समजतो, म्हणून ते औषध नव्हे. विकोच्या प्रकरणात मात्र निकाल कंपनीच्या बाजूने लागला आणि तिची उत्पादने औषध ठरली. वापर तोच, जागा तीच, पण एक पूड औषध झाली आणि दुसरी राहिली नाही. शब्दाचा अर्थ कोशकार ठरवतो की वापरणारा, हा भाषाविज्ञानाच्या तासाला आपण चर्चेला घेतो तो प्रश्न येथे कराच्या रकमेने मोजला गेला.

याच काळात दंतवैद्यही घडत होता. कलकत्त्यात डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये दंतमहाविद्यालय सुरू केले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंतमहाविद्यालय १९३३ मध्ये निघाले. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने नोंदणी सक्तीची केली आणि नोंदवहीचे दोन भाग केले. 'अ' भागात पदवीधर आणि 'ब' भागात पदवी नसली तरी त्याच व्यवसायावर वर्षानुवर्षे पोट भरणारे. या दुसऱ्या भागाने जुन्या कारागिरीला कायद्यात थोडा काळ जागा दिली. पुढे २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा संमत केला.

मशेरी

आता तिसरा शब्द. तंबाखू या भूमीतली नव्हे, ती पोर्तुगिजांबरोबर आली. अकबराचा दूत असद बेग १६०४ च्या सुमारास विजापूरहून परतला तेव्हा त्याने बादशहासाठी ही नवलाईची वस्तू सोबत नेली. म्हणजे दख्खनमध्ये ती त्याआधीच रुळू लागली होती. हिची पाने तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरडायची आणि ती पूड बोटाने दाताला लावायची. हीच मशेरी, घाटावरची मिश्री. वास उग्र, रंग राखुंडीसारखा काळा, जागाही राखुंडीचीच. पण राखुंडी चूळ भरली की संपते. मशेरी रक्तात जाते.

मशेरी दातासाठी म्हणूनच सुरू होते. दाढ ठणकते, दवाखाना दूर, पैसा हातात नाही, आणि शेजारीण म्हणते, 'जरा मशेरी लाव.' निकोटिनच्या तारेत ठणका विसरल्यासारखा वाटतो. मग सकाळची एकदाची वेळ दोनदा होते, चारदा होते. पुरुषाला विडी होती, चिलीम होती, पारावरचा तंबाखूचा बटवा होता. बाईला उघड व्यसनाची मुभा नव्हती. दात घासण्याला मात्र कुणाचीच हरकत नव्हती. घरच्या कामाच्या रगाड्यात मागच्या दारी बसून मशेरी लावायची ती दहा मिनिटे अनेक बायकांची दिवसातली एकमेव स्वतःची वेळ होती. भूकही त्यात मारली जाई. हे समजून न घेता मशेरीला केवळ अज्ञान म्हणणे हे आपल्या सुशिक्षितपणाचे अज्ञान ठरेल.

या सवयीची किंमत मोजण्याचे काम महाराष्ट्रातच झाले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अणू आणि विश्वकिरणांचा अभ्यास चालतो हे सर्वांना माहीत असते. तेथे दंतवैद्यकीय संशोधनाचाही एक विभाग होता, हे फार थोड्यांना माहीत असते. डॉ. फली मेहता आणि त्यांचे सहकारी यांनी डेन्मार्कचे विकृतिशास्त्रज्ञ पिंडबोर्ग यांच्यासह महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासली. त्याचा अहवाल १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. तंबाखूच्या सवयी आणि तोंडातील कर्करोगपूर्व बदल यांचा संबंध अशा घरोघरच्या तपासण्यांतून स्पष्ट झाला. त्याच गटातील संख्याशास्त्रज्ञ प्रकाश गुप्ता यांनी १९९० च्या दशकात मुंबईतील सुमारे एक लाख प्रौढांची पाहणी केली. पस्तिशीपुढच्या स्त्रियांत अर्ध्याहून अधिक जणी कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होत्या आणि ती जवळजवळ सगळी धूरविरहित होती. पुढे २००४ मध्ये मुंबईतील १,२१७ गर्भवतींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले. या मातांमध्ये मशेरी लावणाऱ्या मोठ्या संख्येने होत्या.

केंद्र सरकारने १९९२ मध्ये टूथपेस्ट आणि मंजन यांत तंबाखू वापरण्यास बंदी केली. तिला आव्हान दिले गेले, पण १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. मंजन औषध असो की प्रसाधन, त्यात तंबाखू नको, एवढे निश्चित झाले. परंतु कायद्याचा हात कारखान्यापर्यंत पोहोचतो. घरच्या तव्यावर भाजलेली मशेरी औषधही नाही, प्रसाधनही नाही. ती कुठल्याच व्याख्येत बसत नाही.

आरंभी उल्लेखिलेले क्रियापद ते हेच. दवाखान्याच्या कागदावर प्रश्न छापलेला असतो : 'तंबाखू खाता का?' मशेरी लावणारी बाई उत्तर देते : 'नाही.' ती खोटे बोलत नाही, ती मराठी बोलते. तंबाखू खातात, विडी ओढतात, तपकीर ओढतात, पण मशेरी लावतात. लावण्याच्या गोष्टी म्हणजे कुंकू, हळद, तेल, उटणे. या क्रियापदाने मशेरीला प्रसाधनांच्या पंगतीत बसवले आहे. ज्याला हे क्रियापद ठाऊक नाही, त्याचा प्रश्न चुकतो, त्याच्या कागदावर 'तंबाखू : नाही' अशी नोंद होते, आणि गालाच्या आतल्या बाजूचा पांढरा चट्टा कुणी उजेड टाकून पाहत नाही.

नवी मुंबईतील पाच नावे

या इतिहासाचा वर्तमान नवी मुंबईत पाहता येतो. आगरी-कोळ्यांची भातशेती आणि मिठागरे यांवर सिडकोने १९७० नंतर वसवलेल्या या शहरात आणि त्याच्या लगत पाच दंत महाविद्यालये आहेत : नेरूळला तेरणा आणि डी. वाय. पाटील, बेलापूरला भारती विद्यापीठ, खारघरला येरळा, कामोठ्याला एमजीएम. तेरणा ही मराठवाड्यातील नदी, येरळा ही सातारा-सांगलीकडची. उसाच्या प्रदेशातील नद्यांची नावे खाडीकाठच्या दंत महाविद्यालयांवर आली आहेत. खारघरलाच टाटा स्मारक केंद्राचे अॅक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र आहे. प्रकाश गुप्ता यांची हीलिस ही सार्वजनिक आरोग्याची संस्थाही नवी मुंबईतलीच. मशेरी भाजणारा तवा, तिचा अभ्यास करणारी संस्था आणि तिच्या रुग्णांवर उपचार करणारे रुग्णालय, सारे एका लोकल गाडीच्या अंतरावर आहे.

दंत महाविद्यालयांच्या बाह्यरुग्ण विभागांत शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी उपचार करतात आणि खाजगी दवाखान्यापेक्षा तेथे खर्च कमी येतो. तेथे बसणाऱ्या रुग्णाची भाषा ऐकण्यासारखी असते. रूट कॅनॉलला तो 'नस मारणे' म्हणतो. प्रत्यक्षात दाताच्या पोकळीतील सडलेला वा सुजलेला मऊ भाग काढून ती जागा स्वच्छ करून भरली जाते आणि दात वाचतो. पण 'मारणे' ऐकून घाबरलेला माणूस 'त्यापेक्षा काढूनच टाका' म्हणतो. नस मारल्यावर ठणका थांबतो, म्हणून कॅप बसवायला तो परत येत नाही आणि ठिसूळ झालेला दात वर्षभरात फुटतो. वरची दाढ काढली की डोळे जातात, ही दुसरी समजूत. दाढेच्या आणि डोळ्याच्या दुखण्याच्या संवेदना एकाच चेतातंतूच्या शाखांतून जातात, म्हणून दुखणे पसरते. पण दृष्टीची नस वेगळी आहे आणि दाढ काढल्याने ती दुखावत नाही. दात साफ करून घेतले की ते हलतात, ही तिसरी समजूत. हिरडीखाली साचलेल्या दगडासारख्या थराने दाताचा आधार आधीच खाल्लेला असतो. थर निघाला की ती फट दिसू लागते, एवढेच. चांदी, सिमेंट, कवळी हे शब्द रुग्णाने स्वतः घडवले आहेत आणि ते अचूक आहेत. समजावून सांगणाऱ्याने त्याच शब्दांतून बोलले तर निम्मी भीती तेथेच ओसरते.

येथे मराठी विभागांना काम आहे. या महाविद्यालयांत शिकणारी कित्येक मुले इंग्रजीत दंतवैद्यक शिकतात आणि मराठीत दुखणे ऐकतात. ठणका, कळ, शिणक, सळ, आंबणे, हुळहुळणे हे वेदनेचे वेगवेगळे प्रकार आहेत. दंतवैद्याच्या दृष्टीने ठणका आणि शिणक यांत रूट कॅनॉल आणि साधे भरण एवढा फरक असू शकतो. असे शब्द, त्यांच्या बोलीतील छटांसह, आगरी, मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी बोलणाऱ्यांकडून गोळा करून एक छोटा कोश करणे पदव्युत्तर वर्गाला एका सत्रात जमण्यासारखे आहे. त्याच्या पहिल्या पानावर तपासणीच्या कागदावरचा प्रश्न दुरुस्त करून छापावा : 'मशेरी लावता का?' त्याखाली एवढेच सांगावे की तोंडातला व्रण दोन-तीन आठवड्यांत भरला नाही, पांढरा वा लाल चट्टा दिसला किंवा तोंड पूर्वीइतके उघडेनासे झाले, तर दुखण्याची वाट न पाहता दाखवून घ्यावे. हा रोग सुरुवातीला बहुधा दुखत नाही, आणि आपल्याकडे दुखल्याशिवाय दाताकडे जाण्याची रीत नाही.